पातेलं माझं, झाकण थोरल्यांचं

मी, खाली सही करणारी बाई, लिहून ठेवते की मी शुद्धीत आहे, मला लिहिता-वाचता येतं, मी रागावलेली आहे पण वेडी झालेली नाही, आणि हा कागद लिहायला माझ्यावर कुणी दडपण आणलेलं नाही. दडपण आणायला घरात माणूस लागतं. ते उरलेलं नाही.

मालमत्तेकडे वळण्याआधी एक तक्रार नोंदवते. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात मी उभी हयात लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिली. "आपली तक्रार मिळाली, योग्य ती कार्यवाही सुरू आहे," हे वाक्य माझ्या हाताला इतकं बसलंय की वाढदिवसाच्या शुभेच्छांनाही मी चुकून तेच उत्तर दिलेलं आहे. तेव्हा तक्रार कशी मांडावी हे मला कुणी शिकवू नये.

तक्रार अशी: माझ्या स्टीलच्या मोठ्या पातेल्याला झाकण नाही. म्हणजे आहे, पण ते समोरच्या घरात राहतं. रोज सकाळी ते माझ्याकडे येतं, पातेल्यावर बसतं, एक गिरकी घेतं आणि परत जातं. तपासणीला आलेला अधिकारी चहासुद्धा न घेता निघून जावा, तसं. बाकी सगळा वेळ मी पातेल्यावर परात पालथी घालते. परात काही झाकण व्हायला जन्मलेली नाही. वाफ धरली की ती थडथडते, कडेनं पाणी गाळते, ते बर्नरवर पडतं, आच विझते आणि गॅसच्या वासानं मला कळतं की आज पुन्हा काडी ओढायची आहे. मरणाबद्दल माझी तक्रार नाही असं नाही, पण ती कुणाच्या टेबलावर ठेवायची ते ठाऊक नाही. परातीची निदान इथे ठेवता येते.

कलम पहिलं, घर.

दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि जिन्याकडे उघडणारं एक दार, हे सगळं माझ्या मुलीला. ती लांब राहते. तिच्याशी फोनवर बोलणं झालं.

"आई, घर ठेवायचं की विकायचं ते तूच लिहून टाक. मग मी वाईट ठरणार नाही."

"आणि पातेलं?"

"कुठलं पातेलं?"

"मोठं."

"माझ्या ओट्यावर ते ठेवलं तर मला घराबाहेर उभं राहून स्वयंपाक करावा लागेल, आई."

"तुझ्यासाठी नाही विचारत."

सरकारचा विषय आला की ती गप्प होते. निर्दय नाही ती, पण विचार करून दमलेली आहे. मला तिचा राग नाही. घर तिनं विकावं, फक्त पुढच्या कलमांतली व्यवस्था लागल्यावर. व्यवस्था लागली नाही तर काय, हे मी लिहू शकत नाही. ते शेवटी येईल.

सरकार म्हणजे माझा पुतण्या, समोरच्या घरातल्या माझ्या थोरल्या जाऊबाईंचा एकुलता मुलगा. चाळिशीला आला आहे. त्याला सरकार म्हणायचं कारण सोपं आहे: त्याला काही समजावता येत नाही, त्याच्यापुढे कुणाचं चालत नाही, आणि त्याचं काय बिघडलंय ते एकाही तज्ज्ञाला नीट सांगता आलेलं नाही. बोलतो थोडं. "काकू", "हो" आणि "हे नाही". या तीन बोलांवर त्यानं दोन घरं चालवली आहेत.

सरकार जेवतो ते फक्त या पातेल्यात झालेलं. त्याची पद्धत ठरलेली आहे. सकाळी तो झाकण काखेत मारून जिना ओलांडतो, माझ्या स्वयंपाकघरात येतो, परात उचलून बाजूला ठेवतो, झाकण पातेल्यावर बसवतो आणि एक पूर्ण फेरा फिरवतो. झाकण काठात बसून एक बारीक घरघर करतं. ती ऐकली की तो "हो" म्हणतो, झाकण काढतो आणि घरी जातो. मग मी डबा भरून समोरच्या दारात ठेवते. संध्याकाळी धुतलेला डबा माझ्या दारात असतो. डबे येतात-जातात, झाकण येतं-जातं, सरकार येतो-जातो. थोरल्या आणि मी मात्र वाटणी झाल्यापासून बोललेलो नाही.

कलम दुसरं, पातेल्याचा इतिहास.

वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्रात भांड्यांचा इतिहास नसतो, "सर्व भांडीकुंडी" असं एका ओळीत लिहा. मी म्हटलं, भांडीकुंडी मुलीला. हे पातेलं भांड्यांत मोडत नाही.

तेव्हा घर एक होतं, मधली भिंत आणि जिन्यावरची समोरासमोरची दारं नंतर आली. सासू-सासरे, भावजी, थोरल्या, आमचे हे, मी, सरकार, माझी मुलगी आणि शिलाई यंत्रं दुरुस्त करायच्या दुकानातली जेवायला येणारी माणसं. सासूबाईंचं जुनं अॅल्युमिनियमचं पातेलं आतून इतकं खड्ड्याखड्ड्यांचं झालं होतं की रस्सा ढवळताना डाव अडखळायचा. सासूबाई म्हणाल्या, जा दोघी, घेऊन या, आणि चकाकतं बघून भुलू नका.

आम्ही दोघी गेलो. थोरल्यांनी शेगडीचं माप सुतळीनं घेतलं होतं आणि पर्समध्ये कपाटाच्या दाराचा चुंबक काढून आणला होता. दुकानदारानं सगळ्यात चकाकतं पुढे ठेवलं. थोरल्यांनी बोटाचं पेर बुडावर वाजवलं.

"हे देवळातली घंटा आहे," त्या म्हणाल्या. "जाड बूड असं वाजत नाही. दुसरं दाखवा."

दुसऱ्याच्या अंगाला चुंबक चिकटला, म्हणजे स्टील हलकं. तिसऱ्याच्या कड्या नुसत्या डाग देऊन चिकटवलेल्या होत्या. थोरल्या म्हणाल्या, भरलेल्या पातेल्याची कडी हातात येते तेव्हा पातेलं हातात राहत नाही, पायावर राहतं. चौथं उंच आणि अरुंद होतं. त्यात डाव घातला की कोपरापर्यंत हात आत. पाचव्याचं बूड तिहेरी, कड्या रिव्हेट मारलेल्या, काठ आत वळवलेला, तोंड रुंद. पेरानं वाजवल्यावर ते भिंतीसारखं बोललं.

"हेच," थोरल्या म्हणाल्या. "आता भरा."

"काय भरू, बाई?"

"पाणी. काठोकाठ."

दुकानदारानं दुनियेला शिव्या देत नळी लावून भरलं. आम्ही दोघींनी एकेक कडी धरली आणि उचललं. दुकानाच्या दारापर्यंत नेलं, वळवलं, परत आणलं. थेंब सांडला नाही. थोरल्या मला म्हणाल्या, "तू डावीकडे झुकतेस."

"तुम्ही घाई करता."

"मग जमलं," त्या म्हणाल्या.

एवढं सविस्तर लिहिण्याचं कारण असं की ते पातेलं एका माणसानं उचलायला घेतलेलंच नव्हतं. ते घेतानाच त्याला दोन बायका लागणार होत्या. पुढे जे झालं त्यात ही गोष्ट कुणी ध्यानात घेतली नाही.

कलम तिसरं, वाटणी, आणि मामांना काय ठेवायचं.

सासू-सासरे गेल्यावर भावाभावांत बिनसलं. कशावरून, ते मला तेव्हाही नीट कळलं नाही. पुरुष दुकानाचं शटर कुणी आधी उघडायचं यावरूनही घर फोडू शकतात. मध्यस्थ म्हणून यांचे मामा आले. मामांना न्यायाची आवड होती. त्यांनी भिंतीची जागा ठरवली, दुकानाची यंत्रं ठरवली आणि भांड्यांवर आले तेव्हा भंगारवाल्याचा तराजू मागवला. भांडी वजनावर. हंडे, परात, कढया, डबे, सगळं दोन पारड्यांत. आमच्या पारड्यात मोठं पातेलं गेलं आणि काटा आमच्याकडे कलला. मामांनी पातेल्यावरचं झाकण उचललं आणि पलीकडे ठेवलं. काटा मधोमध आला.

"फिटलं," मामा म्हणाले.

भावजींनी मान हलवली. यांनी मान हलवली. त्या तिघांपैकी एकानंही आयुष्यात त्या पातेल्याखाली आच लावलेली नव्हती. थोरल्या माझ्याकडे बघत होत्या, मी थोरल्यांकडे. आमच्या दोघींच्याही डोक्यात तेच असणार, पण बोलायचं कुणी? त्या म्हणाल्या असत्या की झाकण राहू दे, तर भावजी म्हणाले असते, आपलं वजन कमी पडतं. मी म्हटलं असतं की पातेलंच घ्या, तर हे म्हणाले असते, तू कुणाची? सरकार मात्र उठला, त्यांच्या पारड्यातलं झाकण उचललं, आमच्या पारड्यातल्या पातेल्यावर बसवलं आणि फिरवलं. मामांनी ते काढून परत पलीकडे ठेवलं. त्यानं पुन्हा आणलं. मामा म्हणाले, "याला कुणीतरी बाहेर न्या."

खरा हिशेब त्या खोलीत एकालाच कळला होता आणि त्याला बाहेर नेण्यात आलं.

भाऊ दोघेही पुढे एकामागोमाग गेले. वर काही वाटायचं असेल तर वाटत असतील. मामा अजून ठणठणीत आहेत आणि लोकांच्या वाटण्या करतात. मामांना मी काहीही ठेवत नाही. ते त्यांनी दोन पारड्यांत समसमान घालून घ्यावं.

थोरल्यांनी वाटणीनंतर स्वतःचं नवं पातेलं आणलं. चांगलं होतं, त्यांनीच निवडलेलं. त्यातलं सरकारनं तोंडात घेतलं नाही. समजावून झालं, रागावून झालं, रडून झालं. शेवटी एका सकाळी तो झाकण घेऊन माझ्या दारात उभा राहिला. "काकू," म्हणाला. तेव्हापासून हे चालू आहे. पुढे एकदा मामांच्याच सल्ल्यानं त्याला संस्थेत ठेवून पाहिलं. तिथली माणसं भली होती, अन्न चांगलं होतं, पातेली चकचकीत होती. परत आला तेव्हा त्याचा सदरा खुंटीवर टांगल्यासारखा त्याच्या अंगावर होता.

झाकण थोरल्यांनी अडवून ठेवलंय, असं मी बरीच वर्षं मनात धरलं होतं. ते सरकारनं अडवलेलं आहे. तो ते उशाशी घेऊन झोपतो. ही गोष्ट मला त्यांच्या कामवालीकडून कळली. तेव्हा वरची तक्रार मी मागे घेते, पण परातीपुरती कायम ठेवते.

कलम चौथं, मी.

डॉक्टर तरुण आहेत आणि सभ्य आहेत. फोटो उजेडाला धरून म्हणाले, "कागदपत्रं वगैरे उरकून घेतलेली बरी."

मी म्हटलं, "योग्य ती कार्यवाही सुरू आहे म्हणा की."

त्यांना कळलं नाही. मला कळलं. बचत मुलीला. तिच्यातून गॅस, कांदे, गाजरं, बटाटे, कोबी आणि भाजीवाल्याची बाकी एवढं थोरल्यांच्या घरी पोचत राहावं, ते मुलीनं बघावं. माझी चांगली साडी कामवालीला. यांची यंत्रं दुरुस्त करायची हत्यारं वेल्डरला, तो खालच्या गल्लीत बसतो आणि हत्यारांना हत्यारांसारखं वागवतो. पुस्तकं ज्याला हवी त्याला, म्हणजे कुणालाच नाही.

पातेलं थोरल्यांना. ते लिहायला मला एक ओळ पुरली आणि त्याचा उपयोग शून्य आहे. थोरल्यांची बोटं सांध्यांत वाकलेली आहेत. डब्याचं झाकणसुद्धा त्या आता मनगटानं ढकलून उघडतात. भरलेलं पातेलं तर सोडाच, रिकामंही त्यांना ओट्यावरून खाली घेता यायचं नाही.

म्हणून मी वेल्डरला बोलावलं. त्यानं पातेलं आडवं करून बघितलं आणि म्हणाला, "काकू, बुडाच्या वर एक भोक पाडून तोटी बसवतो. उचलायचं कामच नाही. वरून ओता, खालून काढा."

मला उपाय पटला. इतका पटला की मला त्याचाच संशय आला. मी म्हटलं, भोक पाडल्यावर पातेलं परत बिनभोकाचं होत नाही. तो म्हणाला, मग आधी नुसती चिकटवून बघू. त्यानं तोटी बाहेरून चिकटवली, आत भोक नाही, नुसता देखावा. काल सकाळी सरकार आला. परात बाजूला ठेवली. झाकण बसवलं, फिरवलं. घरघर झाली. "हो" म्हणायला तोंड उघडलं आणि त्याला तोटी दिसली. त्यानं तिला बोट लावलं. काढून घेतलं. पुन्हा लावलं.

"हे नाही," म्हणाला.

"अरे, तेच आहे. आत बघ."

"हे नाही, काकू."

झाकण काखेत मारून गेला. डबा मी तरीही ठेवला. संध्याकाळी तो भरलेलाच परत आला. अंधार पडल्यावर मधल्या भिंतीतून ऐकू येत होतं. चमचा वाटीला लागायचा आणि थोरल्यांचा आवाज यायचा, "घे रे. थोडंसं. माझ्यासाठी." मग वाटी खाली ठेवल्याचा आवाज. मग पुन्हा चमचा. भिंत मामांनी बांधली तेव्हा एकेरी विटेची बांधली होती, वजन वाचवायला.

आज सकाळी दार वाजलं. थोरल्या होत्या. दारात उभ्या, आत आल्या नाहीत.

"तोटी काढ," म्हणाल्या.

"काढली."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"कामवालीनं सांगितलं वाटतं."

"सगळं सांगते ती. काय म्हणाले?"

"फार नाही, म्हणाले."

त्या म्हणाल्या, "मला नाही उचलत ते."

"माहीत आहे."

"एका कडीला मी हात लावीन. दुसऱ्या कडीला कोण?"

माझ्याकडे उत्तर असतं तर हा कागद अर्ध्या पानाचा झाला असता. त्या परत गेल्या. इतक्या वर्षांत एवढंच बोलणं झालं आणि त्यातलं एकही वाक्य कामाचं नव्हतं असं म्हणवत नाही.

कलम पाचवं. हे थोरल्यांसाठी आहे. त्यांनी स्वतः वाचावं, कामवालीकडून वाचून घेऊ नये, ती मध्ये स्वतःचं घालते.

ताई, पातेलं उचलायचं नाही. कधीच नाही. वेल्डरनं तुमच्या मोरीच्या काठाशी गुडघ्याइतकी लोखंडी घोडी करून द्यायचं कबूल केलं आहे, तिच्यावर शेगडी, शेगडीवर पातेलं. ते तिथेच राहील. पातेल्याला हात न लावता भोवतालचं बदलायचं, एवढाच मार्ग मला दिसतो. सरकार पातेल्याकडे बघतो, शेगडीकडे त्यानं कधी बघितलेलं नाही.

पाणी तांब्यानं ओतायचं, थोडंथोडं. अर्ध्याच्या वर नको. आतल्या बाजूला तुम्हाला पुसट रेघा दिसतील, एकीखाली एक. घासून गेल्या नाहीत. सगळ्यात वरची आपण सगळे होतो तेव्हाची. मग दुकानातली माणसं जेवायला यायची बंद झाली तेव्हाची. सगळ्यात खालच्या रेघेपर्यंत पाणी घाला, तेवढं त्याला आणि तुम्हाला पुरतं. माझं त्यात धरू नका.

मीठ गार पाण्यात टाकायचं नाही. ते तळाशी बसतं आणि स्टीलला बारीक खड्डे पाडतं. उकळी फुटली की मग, आणि लगेच ढवळायचं. हे तुम्हीच मला शिकवलेलं आहे, पण हल्ली तुम्ही विसरता असं कामवाली सांगते.

आच मंद. जाड बूड तापायला वेळ घेतं आणि निवायलाही. आपल्या दोघींसारखंच आहे ते, म्हणून गॅस बंद केल्यावरही बुडबुडे दिसतील, घाबरू नका. पातेल्याबाहेर ज्वाळा येऊ देऊ नका, अंगावर निळे-पिवळे डाग पडतात. पडलेच तर व्हिनेगरचा बोळा. तळाला लागलं तर तारेची घासणी नको, पाणी आणि सोडा घालून पुन्हा उकळा, आपोआप सुटतं.

काढताना डावानं. लांब दांड्याचा डाव मी तुम्हाला ठेवते, त्याच्या दांड्याला कापड गुंडाळलं आहे, तुमच्या बोटांच्या मापानं. मुठीत धरून बघा. सैल वाटला तर आणखी एक फेरा गुंडाळा.

उरलेलं झाकून निवत ठेवू नका. वरून गार लागतं, पोटात ऊब राहते आणि सकाळपर्यंत आंबतं. उथळ भांड्यांत काढून, गार पाण्याच्या परातीत बसवून निववा. परात तुम्हाला ठेवते. झाकण म्हणून वापरू नका, ती सूड घेते.

धुताना पातेलं मोरीकडे कलंडवायचं, तिथेच घासायचं, तिथेच सरळ करायचं. कलंडवायला कोपर लावा, बोटं नको. कोरडं करायला फडका. पाण्याचे पांढरे ठिपके राहिले तरी चालतील. ते बघायला सासूबाई नाहीत.

आणि झाकण आता रात्रीही पातेल्यावर ठेवता येईल का, ते त्याला विचारून बघा. तो "हे नाही" म्हणाला तर सोडून द्या.

कलम सहावं, माझ्या मागे काय करू नये.

मोठ्यानं रडू नये, भिंत एकेरी आहे. कार्यालयातून कुणी श्रद्धांजलीचा कागद पाठवला तर त्यावर पोच द्यावी आणि पुढे काही करू नये. मामांना वाटणीला बोलावू नये. मुलीनं रजा घेऊन धावपळ करू नये, पण सरकारकडे एकदा बसून जावं. तो बोलणार नाही. नुसतं बसावं.

कलम सातवं, थोरल्यांच्या नंतर.

थोरल्या माझ्यापेक्षा वयानं मोठ्या आहेत. सरकार आमच्या दोघींपेक्षा लहान आहे आणि त्याची प्रकृती उत्तम आहे. त्याचे डॉक्टर एकदा म्हणाले होते, याला काही होणार नाही, हा तुमच्या सगळ्यांपेक्षा जगेल. तेव्हा आम्ही पेढे वाटल्यासारखे हसलो होतो. म्हणून थोरल्यांच्या नंतर पातेल्याखाली आच कुणी लावायची, मीठ कधी टाकायचं हे कुणाला ठाऊक असणार, सरकार झाकण घेऊन उभा राहील तेव्हा आतून दार कोण उघडणार, याची व्यवस्था मी पुढीलप्रमाणे करते:

..............................................................

..............................................................

..............................................................

वकीलबाई म्हणाल्या, कागदावर कोरी जागा ठेवू नये, उद्या कुणीही तिथे काहीही लिहील. मी म्हटलं, लिहू दे. त्यासाठीच ठेवली आहे. त्या म्हणाल्या, असं कायद्यात बसत नाही. मी म्हटलं, तुम्हीच भरून द्या मग. त्यांनी पेन उघडलं, थोडा वेळ धरलं, आणि टोपण लावलं. जागा तशीच आहे.

हा कागद मी माझ्या हातानं लिहिला. खाडाखोड नाही. जिथे शाई पसरलेली दिसते तिथे वाफ लागली आहे, बाजूला पातेलं चढवलेलं होतं. थोरल्यांना पातेलं मिळणार असल्यानं त्यांना साक्षीदार होता येत नाही, असं वकीलबाईंचं मत पडलं. त्यांच्याइतकं सगळं पाहिलेलं दुसरं कुणी नाही, पण कायद्याला पाहिलेलं माणूस नको असतं, ज्याला काही मिळत नाही असं माणूस हवं असतं. वेल्डरला हत्यारं मिळत होती. तो म्हणाला, मला साक्षीदार करू नका काकू, हत्यारं चांगली आहेत. म्हणून त्याच्या जागी दुसरा माणूस बघावा लागला.

लिहून ठेवणार: सरकारची काकू (सही)

साक्षीदार पहिला: खालच्या मजल्यावरचा औषधवाला (सही). कागद न वाचता सही केली, पण माझ्याकडे बघून केली.

साक्षीदार दुसरी: वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका (सही). कागद पूर्ण वाचला. सातव्या कलमावर थांबल्या. काही लिहिलं नाही.

स्थळ: स्वयंपाकघर.

दिनांक: तोटी काढली त्याच दिवशी, दुपार.

साक्षीदारांच्या सह्या झाल्यावर लिहिलेल्या मजकुराला किंमत नसते, असं ऐकते. तरी लिहिते. माझ्या प्रयोगापायी काल सरकार उपाशी झोपला, त्याचं एक जेवण माझ्याकडे राहिलं होतं. दुपारी तो पुन्हा आला, झाकण फिरवलं आणि "हो" म्हणाला. आज मी डबे दोन भरले आणि समोरच्या दारात ठेवून आले.